जुना बेस गिटार, उद्यमनगरची पट्टी, मिरजेत केलेला हाडाचा नट: कामाच्या नोंदी

१५ मार्च २०२५, खरेदी

कोल्हापुरात, राजारामपुरीतून वापरलेला चार तारांचा बेस गिटार घेतला. जॅझ बेसच्या धाटणीचा, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), शिसवी फिंगरबोर्ड (त्या पट्ट्यांची फळी), वजन ४.३ किलो. विकणाऱ्याने १४,००० सांगितले होते, सौदा ११,५०० वर झाला.

एकूण बजेट २०,००० होतं. तेवढ्यात नवा साधा बेस मिळाला असता. पण नव्यालाही सेटअप (वाद्याची जुळवणी) लागतोच आणि त्या किमतीच्या वाद्याचे फ्रेट कारखान्यात कोणी एकेक तपासून पाठवत नाही. म्हणून ठरवलं, निम्म्याहून थोडे जास्त पैसे वाद्याला आणि बाकीचे त्याच्या नेकवर (मानेवर), फ्रेटवर, तारांवर.

बघायला जाताना खिशात ॲलन कीचा संच, छोटी स्टीलची पट्टी आणि इयरफोन लागणारा लहान हेडफोन-ॲम्प नेला. आधी हेडस्टॉककडून (तारा आवळायच्या टोकाकडून) बॉडीकडे एका डोळ्याने नेक पाहिला. थोडा वाक असेल तर तो काढता येतो, पण पीळ असेल तर वाद्य खाली ठेवून घरी यायचं. इथे पीळ नव्हता. मग मालकाला विचारून ट्रस रॉड अगदी किंचित दोन्ही बाजूंना फिरवला. चार तारा मिळून नेकवर साधारण ७० ते ८० किलोचा ताण असतो आणि त्याला तोलणारी ही एकच सळई आत असते. ती जाम असेल तर पुढचं काहीच जमत नाही. इथे फिरली. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवला. कंटाळवाणं काम आहे, पण भाव तिथेच उतरतो.

सापडलेले दोष: सातव्या ते नवव्या फ्रेटवर खरखर, मोकळी (न दाबलेली) ई तार, म्हणजे सगळ्यात जाड, झणझणते, व्हॉल्यूमची खुंटी फिरवली की कचकच, हात काढला की गुणगुण, ब्रिजचे (बॉडीवर तारा अडकवायच्या भागाचे) स्क्रू गंजलेले. हे सगळं मालकासमोर वाजवून दाखवलं, तेव्हा अडीच हजार कमी झाले.

२० मार्च, स्क्रू आणि नेक

तारा सैल करून ब्रिज काढला. सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची) उंची ठरवणारे बिनडोक्याचे स्क्रू घामाने गंजून घट्ट बसले होते. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवल्यावर बहुतेक सुटले. एकाचं भोक आधीच गोल झालं होतं, तो ड्रिलने काढावा लागला. हे एम-३ मापाचे ग्रब स्क्रू, त्यांना १.५ मिमीची ॲलन की लागते. उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, स्टेनलेसचे सुटे मिळाले, आठ नगांचे ६० रुपये. गिटारच्या सुट्या भागांत हेच शोधलं असतं तर कुरिअरसकट कितीतरी जास्त गेले असते. पुण्या-मुंबईहून मागवण्याआधी उद्यमनगरात विचारून बघा, हे इथल्या प्रत्येकाला सांगेन.

फिंगरबोर्डवरचा मळ लायटरच्या पेट्रोलने, कापडाला लावून काढला. नंतर मिनरल ऑइलचे दोन-तीन थेंब. खोबरेल लावू नका, ते खवट होतं आणि पुन्हा मळ धरतं.

मग नेक. तारा सुरात लावून पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबायचा आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर, तारेखाली किती फट राहते ते फीलर गेजने (बारीक पात्यांच्या मापाने) मोजायचं. गाड्यांच्या कामाचं साधं गेज १८० रुपयांना मिळालं, ॲलन की २२०. फट ०.९ मिमी निघाली. हवी साधारण ०.३ ते ०.३५. पाव फेरा आवळला, तारा पुन्हा सुरात लावल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. लाकूड हळूहळू सरकतं, लगेच मोजलेला आकडा खोटा असतो. असं टप्प्याटप्प्याने आठवड्याअखेर ०.३५ वर आलं.

३० मार्च, उद्यमनगर

नेक सरळ झाला तरी आठव्या फ्रेटची खरखर गेली नाही, उलट आता नेमकी कुठे आहे ते कळलं. स्टीलच्या पट्टीचा तुकडा तीन फ्रेटवर आडवा ठेवला की मधला उंच असेल तर पट्टी डुगडुगते. आठवा एका टोकाला उचललेला, अकरावा आणि चौदावा थोडे उंच. आठव्याच्या फटीत सुपरग्लू सोडून क्लॅम्पने दाबून ठेवला. तरीही सगळे एका पातळीत आणणं भाग होतं.

त्यासाठी लागते एकदम सपाट पट्टी. ऑनलाइन मिळत होती ती अडीच-तीन हजारांची. उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. मी पोकळ चौकोनी पाइप घेऊन गेलो होतो, हलका म्हणून.

मिस्त्री म्हणाले, "हा चालणार न्हाई. मॅग्नेटवर ठेवला की खाली वढला जाईल, तितक्यात सपाट होईल. सोडला की परत जागंवर. भरीव घ्या."

त्यांच्याच भंगारातला २० मिमी चौकोनी भरीव तुकडा निघाला, ४०० मिमी लांब, वजन सव्वा किलो. दोन बाजू घासून दिल्या. काचेवर निळा रंग लावून घासून दाखवला, रंग सगळीकडे सारखा उतरला. मालासकट ४०० रुपये. "कशाला पायजे?" विचारलं. सांगितल्यावर त्यांनी नेकचा फोटो मागितला आणि फ्रेट कशाचे असतात ते विचारलं. निकेल सिल्व्हर म्हणतात त्याला, चांदी नसते, तांबं-निकेल-जस्त. ऐकून म्हणाले, "मग हात हलका ठेवा, पितळासारखं पटकन जाईल."

६ एप्रिल, फ्रेट घासणे

सगळ्यात धास्ती याच कामाची होती. तारा काढल्या की नेक मागे जातो, म्हणून आधी रॉड सैल करून पट्टीखाली नेक पूर्ण सरळ केला. फिंगरबोर्डवर फ्रेटच्या मधे मास्किंग टेप. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ. पट्टीला दुतर्फी टेपने ३२० नंबरचा एमरी पेपर चिकटवला आणि नेकच्या लांबीने, दाब न देता, पट्टीच्या स्वतःच्या वजनावर घासायला सुरुवात केली.

पहिल्या काही फेऱ्यांत आठवा, अकरावा, चौदावा चमकले, बाकीचे काळेच. म्हणजे डुगडुग चाचणी बरोबर होती. हळूहळू सगळ्यांवरची शाई गेली. ज्या क्षणी शेवटच्या फ्रेटवरची शाई जाते त्या क्षणी थांबायचं. त्यापुढे घासलेलं सगळं फुकट आणि फ्रेटचं आयुष्य तेवढं कमी.

पातळी आली की माथे सपाट होतात आणि सूर नेमका कुठून सुटतो ते धूसर होतं. त्यांना पुन्हा गोलाई द्यावी लागते. तिकोनी कानशीच्या कडा ग्राइंडरवर गुळगुळीत करून घेतल्या आणि पुन्हा मार्कर लावून, मधे केसाएवढी काळी रेघ उरेपर्यंत दोन्ही बाजूंनी घासलं. अख्खा रविवार यातच गेला. नंतर ६००, १०००, २००० नंबरचे पेपर, शेवटी ब्रासो. एमरी, टेप, कानशी, ब्रासो मिळून ६४०.

तारा चढवल्यावर आठव्या फ्रेटवर सूर स्वच्छ आला.

२० एप्रिल, मिरज

मोकळी ई तार मात्र तशीच झणझणत होती. दाबून वाजवली की ठीक, मोकळी सोडली की झण्ण. याचा अर्थ दोष नटमध्ये, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत. प्लॅस्टिकच्या नटची खाच खोल गेलेली. खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू घालून खाच भरायची युक्ती सगळीकडे सांगतात, ती केली. टणक होते, कानशीने घासताही येते, पण बेसच्या जाड तारेखाली पंधरवडाही टिकली नाही, कडा भुगा होऊन पडली. लहान गिटारच्या बारीक तारेला चालत असेल, ई तारेला नाही.

मिरज इथून सुमारे ५० किमी. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हाडाचं काम रोज करणारी माणसं एवढ्या जवळ असताना तयार नट मागवायचं मनाला पटेना. जुना नट, नव्या तारांचा संच आणि नेक बॉडीपासून सोडवून एका कारागीर चाचांकडे नेला.

चाचांनी बेस पहिल्यांदाच हातात घेतला होता. झणझण कशी आहे हे मी फोनवरच्या रेकॉर्डिंगमधून ऐकवलं. पूर्ण ऐकायच्या आतच ते म्हणाले, "ही तर जवारी आहे. तुम्हाला इथं जवारी नको आहे ना?"

तंबोऱ्याच्या घोडीवर (ब्रिजवर) तार एका टोकावर न टेकता उतरत्या पृष्ठभागाला घासत सुटते, म्हणून तो भरलेला, चमकणारा नाद, म्हणजे जवारी, येतो आणि त्यासाठी ते तासन्‌तास घोडी घासतात. माझ्या नटच्या खाचेचा तळ सपाट झाला होता, तार त्यावर तशीच घासत होती. इथे हवं त्याच्या नेमकं उलट: खाच हेडस्टॉककडे उतरती, आणि तार सुटायची ती फिंगरबोर्डकडच्या कडेवरून. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला ती कड नखाने दाखवली.

हाडाच्या नव्या नटच्या खाचांची मापं तारांवरून: जी ०.०४५ इंच, डी ०.०६५, ए ०.०८०, ई ०.१००. मिलिमीटरमध्ये १.१४ पासून २.५४ पर्यंत. तंबोऱ्याच्या तारांपुढे ही फारच जाड, त्यामुळे त्यांनी गोल सुई-कानशीला पेपर गुंडाळून खाच रुंद केली. आम्ही खाचा मुद्दाम थोड्या उथळ ठेवल्या, शेवटचं घासणं घरी तारा चढवून केलं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढी फट राहिली पाहिजे. ५०० रुपये घेतले. या कामातला सगळ्यात चांगला खर्च हाच.

४ मे, गुणगुण

तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, म्हणजे ब्रिजखालची अर्थिंगची तार शाबूत आहे आणि आतल्या खोबणीला शील्डिंग (गुणगुण अडवणारं धातूचं अस्तर) नाही. जॅझ बेसचे दोन पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी वेटोळ्याचे, असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की एकमेकांची गुणगुण खोडतात, एक कमी केला की ती परत येते. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. पण इतकी जास्त नसावी.

खोबणीला तांब्याची टेप लावली. काही फरक नाही. मल्टीमीटरने पाहिलं तर टेपचे तुकडे एकमेकांना जोडलेलेच नव्हते, कारण या टेपचा डिंक वीज वाहत नाही. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक थेंब दिला आणि सगळं मिळून अर्थला जोडलं. तेव्हा गुणगुण निम्म्याहून कमी झाली. टेप घेतानाच वाहक डिंकाची मागा, सोल्डरिंग वाचेल.

पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या खुंट्यांखालचे भाग) तिन्ही बदलले, २५० किलोओहमचे. टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जॅकही नवा. टेपसकट ७८०.

यातून एक गंभीर गोष्ट कळली. ॲम्पला लावून तारांना हात लावला की क्वचित बारीक झिणझिणी यायची. ती बेसची नव्हती. घर जुनं, सॉकेटला तिसरी पिन आहे पण मागे अर्थच नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं, २,६०० रुपये. तो खर्च घराच्या खात्यावर टाकलाय, पण काम बाकी सगळ्याच्या आधी करायला हवं. तुमचे दोन्ही हात धातूच्या तारांवर असतात. आवाज कमी होतो म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे लोक पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका.

११ मे, नव्या तारा, उंची, सूर

४५-१०० चा निकेलचा संच, २,३०० रुपये. नव्या तारांचा ताण वेगळा, म्हणून पुन्हा नेकपासून सुरुवात. फट ०.४ झाली होती, आठवा हिस्सा फेरा आवळला. मग सॅडलची उंची: सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मिमी, जी तारेखाली २. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवणं. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हा क्रम मोडला की सगळं परत करावं लागतं: नेक, नट, उंची, शेवटी सूर.

मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनमधल्या ट्यूनरला तो नीट ऐकू येत नाही, काटा नाचत राहतो. बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर जुळवा, लगेच स्थिर होतो.

१८ मे, पट्टा

४.३ किलोचं वाद्य पाच सेंटिमीटरच्या नायलॉन पट्ट्यावर तासभर उभं राहून वाजवलं की खांदा भरून येतो. पापाच्या तिकटीला चपला करणाऱ्या एका मामांकडून दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा करून घेतला, ७५० रुपये. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं तेच चपलेचं कातडं. खरखरीत बाजू आत ठेवली की पट्टा खांद्यावर सरकत नाही आणि हेडस्टॉकही खाली झुकत नाही. घामाने पहिले काही दिवस शर्टवर रंग उतरतो. पांढरा सदरा घालू नका.

१५ जून, पाऊस

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. उन्हाळ्यात ०.३५ वर ठेवलेली फट आज ०.५५ निघाली. तारा हाताला उंच लागत होत्याच. पाव फेऱ्याहून थोडं कमी आवळलं. एका मित्राचा नेक याच दिवसांत उलटा वागला, मागे गेला आणि पहिल्या फ्रेटवर खरखर आली. म्हणून पावसात रॉड आवळायचाच असा नियम करू नका, मोजा आणि मग ठरवा.

बेस आता बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवत नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या, १२० रुपये. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून कोरड्या फडक्याने पुसतो. जुना संच पाण्यात उकळून पाहिला. चमक परतली, पण थोड्याच दिवसांत पुन्हा मंद झाला, आणि या हवेत वेटोळ्यांत पाणी राहून गंजाचे ठिपके आले. उकळायच्याच असतील तर उन्हाळ्यात उकळा.

१३ जुलै, वाजवणे

मंडळाच्या ऑर्केस्ट्राबरोबर तालमी सुरू झाल्या. घरी स्वच्छ वाजणारा बेस इथे नुसता घुमत होता. पहिलं कारण ॲम्प कोपऱ्यात होता. कोपरा खालचे सूर फुगवतो. भिंतीपासून पुढे ओढला. दुसरं कारण ढोलकी. तिच्या घुमणाऱ्या बाजूचा आणि ई तारेचा पट्टा जवळजवळ एकच. केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) प्रत्येक मात्रेवर वाजवलं की दोन्हींचा चिखल होतो. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ठाम सूर ठेवला, मधली जागा ढोलकीला सोडली, तेव्हा दोन्ही वेगळे ऐकू आले. ढोलकीवाले दादा आपण होऊन म्हणाले, "आता बसलं."

तिसरं, न वाजवलेल्या तारा. ए तारेवर वाजवताना ई तार स्वतःच गुंजत राहते. उजवा अंगठा पिकअपवर रोवून न ठेवता वरच्या तारांवर टेकवत खाली सरकवायची सवय लावतोय. हेच सगळ्यात जास्त वेळ घेतंय.

इथे सूर कोणी इंग्रजी अक्षरांनी सांगत नाही. गाणाऱ्या ताई म्हणतात, "काळी चार." म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. ई तारेवर पाठ केलेला नकाशा असा: मोकळी पांढरी तीन, पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच, सातवा पांढरी सात, आठवा पांढरी एक, नववा काळी एक. ए तारेवर तिसरा पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन, सहावा काळी दोन. सा सापडला की पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर प. मोकळ्या तारांवर अवलंबून बोटं बसवली असतील तर काळी चार आली की हात अडतो, म्हणून सराव बंद (दाबलेल्या) तारांवरच करा. आणि कीबोर्डवाल्यांच्या बोटांकडे पाहून सूर धरू नका. त्यांनी ट्रान्सपोज लावलेला असतो, बोटं पांढरी एकवर आणि आवाज काळी चारचा.

१० ऑगस्ट, उरलेलं

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सूर लवकर विझतो. फ्रेट तपासले, नट तपासला, तार बदलून पाहिली, काही नाही. लांब नेकच्या, बोल्टने जोडलेल्या बेसवर हे बऱ्याचदा असतं. नेक स्वतः ज्या कंपनावर हलतो त्याच्याशी तो सूर जुळतो आणि तारेची शक्ती लाकूड खातं. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर विझणारी जागा एका फ्रेटने खाली सरकली, गेली नाही. त्यामुळे लांबवायचा सूर असेल तर तोच डी तारेवर दहाव्या ते बाराव्या फ्रेटवर घेतो. आवाज थोडा जाड येतो, पण टिकतो.

गणपती २७ तारखेला. त्याआधी फट एकदा मोजायची आहे.

हिशेब: बेस ११,५००, तारा २,३००, गेज आणि ॲलन की ४००, ग्राइंडिंगची पट्टी ४००, एमरी-कानशी वगैरे ६४०, स्क्रू ६०, नट ५००, वायरिंग ७८०, पट्टा ७५०, सिलिका १२०. एकूण १७,४५०. घराचं अर्थिंग वेगळं. पट्टी, गेज आणि कानशी माझ्याकडे आहेत. कोल्हापुरात कोणाला फ्रेट घासायचे असतील तर पट्टी न्यावी, फक्त पावसात तेल लावून परत द्यावी.